ताईंच्या गाडीचा वॉटर पंप

"चढला बघा काटा."

एवढं म्हणून ताई मधल्या बोटाच्या पेरानं डॅशबोर्डच्या काचेवर टकटक करायच्या आणि गाडी डाव्या बाजूला घ्यायच्या. इंजिन किती तापलंय हे दाखवणारा तो काटा स्टिअरिंगच्या आड होता, त्यामुळं तो फक्त ताईंना दिसायचा. शेजारच्या सीटवर मी, मागं खरेदी विभागातले कुलकर्णी. ताईंनी काटा चढला म्हटलं की आमच्यासाठी तो चढलेला असायचा.

ताई आमच्या चितेगावच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सांभाळायच्या. आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. तुम्ही म्हणाल, झाकणात तपासण्यासारखं असतं काय? हे ताईंना विचारायला हवं होतं. एका झाकणाची कड त्यांच्या बोटाला खटकली की भरलेला ट्रक गेटवरून परत फिरायचा. ट्रक रवाना करण्याचं काम माझ्याकडं, म्हणून मालकांची बोलणी मी खायचो आणि ताई शांतपणे पुढचं झाकण उचलायच्या.

नियम हा त्यांचा आवडता खेळ होता. एकदा नव्या मॅनेजरनं प्रयोगशाळेत डबा खायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी खुर्ची बाहेर काढली. बाहेर म्हणजे अगदी दाराला लागून, अरुंद पॅसेजमध्ये. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या डब्यावरून ढांग टाकावी लागायची. मॅनेजर आला, ढांग टाकावी की नाही या विचारात एका पायावर थबकला, तेव्हा ताईंनी त्याच्यापुढं मेथीची भाजी धरली आणि विचारलं, "नियमात बसतंय ना, साहेब?"

हे त्यांचं पालुपद. नियम मोडणाऱ्या माणसाला कुणीही वठणीवर आणतं. नियम अक्षरशः पाळणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे आमच्या मॅनेजरला शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही तिघंही मुकुंदवाडीत राहायचो. कंपनीची बस भल्या सकाळी निघायची, म्हणून ताईंच्या जुन्या मोतिया रंगाच्या गाडीतून जायचं ठरलं. पेट्रोल तिघांत. बीड बायपासनं निघायचं, पैठण रोडला लागायचं, आणि वाटेत ताईंनी प्रत्येक ट्रकवाल्याला उद्देशून काय म्हटलं ते ऐकायचं. ते मी इथं लिहू शकत नाही.

गाडी पहिल्यांदा खरोखर तापली ती नक्षत्रवाडी ओलांडल्यावर. बॉनेटखालून भसाभसा वाफ येऊ लागली. समोरच रस्त्याला लागून एक नर्सरी होती. हिरवी जाळी, कुंड्यांच्या रांगा, पाण्याची मोठी टाकी. गाडी बंद पडायला याहून चांगली जागा मिळाली नसती. पण ताईंनी नर्सरीचा फलक पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"उतरा," त्या म्हणाल्या. "ढकला पुढं."

"ताई, पाणी इथंच मिळेल की," कुलकर्णी म्हणाले.

"इथलं नको. पुढं ढकला."

आम्ही ढकलली. गाडी जेमतेम चार कुंड्या ओलांडून पुढं सरकली आणि रुतून बसली. तेवढ्यात आतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस हातात पाण्याचा पाइप घेऊन आला. आम्हाला "जय भीम" म्हणाला. मग काचेतून आत पाहिलं. ताई सरळ समोर बघत होत्या, जणू काही गाडी ऐंशीच्या वेगात आहे. त्या माणसानं बॉनेट उघडलं, वाफ विरू दिली, निवांत वाट पाहिली, मग फडक्यानं झाकण फिरवून पाणी भरलं. शेवटी तो बॉनेटकडं बघत म्हणाला, "पंप गळतोय गाडीचा."

ताई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्यांना सांगा, गाडीला माहीत हाय."

पुढं गेल्यावर त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "भाऊ हाय माझा. सख्खा, थोरला. बोलत नाय आम्ही. त्याच्या घरचं पाणी पण पिणार नाय म्हणले होते मी."

भांडण कशावरून, ते नंतर वहिनींनी, म्हणजे नर्सरीवाल्या दादांच्या बायकोनं मला सांगितलं. दादांच्या मुलाचं लग्न. दादांनी पाहुण्यांना सांगून ठेवलेलं, सूनबाई आता नोकरी सोडणार आणि नर्सरी बघणार. सूनबाईंना मात्र कुणी विचारलं नव्हतं. आशीर्वाद द्यायला म्हणून ताई स्टेजवर गेल्या, माइक हातात घेतला आणि भरल्या मांडवात नवरीला म्हणाल्या, "पोरी, आत्याचा एकच आशीर्वाद. नोकरी सोडू नको." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांना त्या टाळ्या जिव्हारी लागल्या. "माझ्या घरात तू बोलायची गरज नाय," असं ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "मग तुझ्या घरचं पाणी पिणार नाय."

आणि नियम म्हणजे नियम. दीड-दोन वर्षं झाली, ताईंनी त्या घराचा घोट घेतला नव्हता.

"पण आज गाडीला पाजलंत की तिथलं पाणी," त्या पहिल्याच दिवशी कुलकर्णी म्हणाले होते.

ताईंनी आरशातून त्यांच्याकडं पाहिलं. "मी पिणार नाय म्हणले होते. गाडीनं कुठं शब्द दिला? नियमात बसतंय."

त्या दिवसापासून आमचा रोजचा क्रम ठरला. पंप गळायचा, नक्षत्रवाडीच्या पुढं काटा चढायचा, गाडी नर्सरीसमोर थांबायची. ताई काच वर करून आत बसायच्या. आम्ही उतरायचो. दादा "जय भीम" म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर जरा थांबायचे. मग गाडीतून हॉर्नचा एक बारीकसा आवाज यायचा. तो ताईंचा जय भीम. दादा मान हलवून बॉनेट उघडायचे.

मग दोघांचं बोलणं सुरू व्हायचं, गाडीच्या नावानं.

"गाडीचा चेहरा उतरलाय," दादा इंजिनाकडं बघत म्हणायचे. "झोप होत नाय का गाडीची?"

काच बोटभर खाली यायची. "त्यांना सांगा, गाडीला बी.पी.ची गोळी लागली हाय."

"कधीपास्नं? गाडी लोणचं लई खाती, लहानपणापास्नं सांगतोय."

"सांगा, गाडी कुणाच्या बापाचं खात नाय."

"बाप तर एकच हाय दोघांचा," दादा पुटपुटायचे आणि मोठ्यानं खोकायचे. बॉनेटच्या अलीकडं ताई हसू दाबत असायच्या. दोघांमध्ये उघडं बॉनेट असल्यामुळं एकमेकांचं तोंड त्यांना दिसायचं नाही. आम्हाला दोन्ही दिसायची.

वहिनी चहा आणायच्या. ताईंचा कप न चुकता परत जायचा. चहा म्हणजे पाणीच. ताक आलं, तेही परत गेलं. मग वहिनींनाही चेव चढला. त्यांनी पेरू पाठवला. ताईंनी विचार करून तो घेतला: पेरू झाडाचा, घरचा नव्हे. मग एक दिवस गरम बाजरीची भाकरी आणि ठेचा आला.

"भाकरीचं पीठ पाण्यात मळतात, ताई," मी मुद्दाम म्हणालो.

ताईंनी भाकरीचा तुकडा मोडून डोळ्यांजवळ धरला, झाकण तपासतात तसा. "भाजल्यावर पाणी उडून जातं. प्रयोगशाळेत सिद्ध करून देते," म्हणाल्या आणि काच वर करून चवीनं खाऊ लागल्या.

"गाडीला भाकर पण लागायला लागली व्हय?" बॉनेटमागून आवाज आला.

याच वेळेला दादांची सून स्कूटरवरून शाळेत शिकवायला निघायची. नोकरी तिनं सोडली नव्हतीच. जाताना ती ताईंच्या काचेवर बोटं वाजवून जायची, आणि ताई दादांना दिसेल अशा बेतानं हात हलवायच्या.

या सगळ्यात जीव टांगणीला लागला होता तो कुलकर्णींचा. खरेदी विभागात जन्म गेलेला माणूस. रोज गळणारा पंप त्यांच्या डोळ्यांसमोर गळत होता आणि त्यांना भाव काढता येत नव्हता. शेवटी त्यांना राहवेना, ते भाव विचारत फिरू लागले. गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं सात हजार सांगितले. पट्टा, कूलंट, मजुरी सगळं धरून. बायपासवरच्या एका गॅरेजनं पाच. दुसरीकडं पंप स्वस्त, पण मजुरी अशी की पंप फुकट असल्यासारखा वाटावा. रोज सकाळी कुलकर्णी मागच्या सीटवरून नवा आकडा सांगायचे आणि ताई रोज नवं कारण द्यायच्या.

"पंप बदलला की पट्टा बदलावा लागतो, कुलकर्णी. पट्टा बदलला की वाटतं, बॅटरी पण बदलावी. मग वाटतं, गाडीच बदलावी. मग तुम्हाला पण बदलावं वाटंल मला."

"ताई, इंजिन बसेल एखाद्या दिवशी! चार-पाच हजारांसाठी पन्नास हजारांचा खड्डा!"

"बघू," ताई म्हणायच्या. "चढला बघा काटा."

दिवाळी होऊन गेली, थंडी पडली. एका सकाळी मफलर सारखा करताना मी सहज ताईंच्या बाजूला झुकलो. त्यांनी नुकतीच काचेवर टकटक केली होती. काटा मधोमध आरामात पडून होता. तापलेल्या गाडीचा काटा असा नसतो, एवढं मलाही कळतं.

मी वर पाहिलं. ताई माझ्याकडंच बघत होत्या.

"काय बघताय?"

त्या क्षणी माझ्या सगळं लक्षात आलं. हल्ली वाफ दिसत नव्हती. कारखान्यात गाडी उभी राहायची तिथं जमिनीवर ओल नसायची. पंप कधीच बदलून झाला होता.

"लईच चढलाय की काटा," मी म्हणालो.

ताईंनी गाडी डावीकडं घेतली. त्यांच्या गालावर हसू आलं आणि त्यांनी ते आत वळवलं.

पण मला एक कोडं पडलं. दादा रोज झाकण उघडतात, मग त्यांना रेडिएटर भरलेला दिसत कसा नाही? त्या दिवशी मी बॉनेटच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. दादांनी इंजिन गार होऊ दिलं. फडक्यानं झाकण फिरवलं. आत काठोकाठ पाणी. दादांनी त्याच्याकडं मायेनं पाहिलं, झाकण लावलं आणि हातातल्या कॅनमधलं पाणी शेजारच्या जास्वंदीच्या कुंडीत हळूहळू ओतलं, रेडिएटरमध्ये ओतताना व्हावा तसाच आवाज होईल अशा बेतानं.

"लई पाणी पिती ही गाडी," ते मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडं बघून त्यांनी एक डोळा बारीक केला.

तर अशी स्थिती होती. ताईंना माहीत, दादांना माहीत, मला माहीत. बंपरजवळची ती जास्वंद त्या हिवाळ्यात अशी फुटली की वहिनींनाही माहीत असणार. फक्त कुलकर्णींना माहीत नव्हतं, आणि नेमके तेच कामाला लागले.

ताई मे अखेरीला निवृत्त होणार होत्या. कुलकर्णी माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजले, "आपण ताईंना निरोपाची भेट म्हणून पंप बसवून देऊ."

मी घाईघाईनं म्हटलं, "शाल देऊ ना. नाहीतर भिंतीवरचं घड्याळ."

"घड्याळ सगळेच देतात. पंप कोण देतं?"

मी म्हटलं, ताईंना आवडणार नाही. ते म्हणाले, म्हणून तर न सांगता द्यायचा. मी म्हटलं, गाडी गॅरेजला नेणार कशी? ते म्हणाले, गॅरेज गाडीकडं आणू. कुणाचं भलं करायचं एकदा मनावर घेतलं की कुलकर्णींना आवरणं देवालाही जमलं नसतं. खरं सांगून टाकावं तर ते ताईंचं गुपित, माझं नव्हे. मी आपला काही तरी बिघडावं अशी वाट पाहत बसलो.

एप्रिलची सकाळ. आठ वाजताच ऊन तापलेलं. काटा चढला, गाडी थांबली, आणि नर्सरीच्या दारात मोटरसायकलवर एक मेकॅनिक बसलेला. शकीलभाई. हॅंडलला पिशवी, पिशवीत खोका. कुलकर्णी टुणकन उतरले आणि दादांना, वहिनींना, मला आणि काचेआडच्या ताईंना उद्देशून त्यांनी छोटंसं भाषणच केलं. सहकारी, ऋणानुबंध, वॉटर पंप.

ताईंचा चेहरा पांढरा पडला. दादांच्या हातातला कॅन तसाच राहिला.

शकीलभाई पुढं आला. गाडीचा नंबर पाहिला, बॉनेटखाली डोकावला आणि सरळ उभा राहिला. "अरे, ये तो मॅडम की गाडी है! इसका पंप तो मईच बदला ना, दिवाली के पहले."



"किती घेतले?" कुलकर्णींच्या तोंडून निघालं.

"साडे चार हजार."

"साडेचार? मी तुझ्याशी साडेतीनला ठरवलंय!"

"मॅडम ने भाव-ताव कुछ नै करे, साब. बोले, जल्दी करो और किसी को बोलो मत."

दार उघडलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ताई त्या नर्सरीसमोर गाडीतून उतरल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता त्या कुलकर्णींना धरणार. पण त्या चालत थेट दादांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि भावाच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तू रोज झाकण उघडतो. तुला दिसलं नाय व्हय, पाणी भरलेलं हाय ते?"

"दिसलं की. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाय?"

"बोलू नको म्हणालीस ना तू, बेबे!"

बेबे! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मॅनेजरला ढांगा टाकायला लावणाऱ्या बाई, घरच्या बेबी होत्या.

"मी पाणी पिणार नाय म्हणले होते. बोलणार नाय असं म्हणलेच नव्हते! ते तूच धरून बसला!"

"तू मांडवात माइकवर बोललीस!"

"खरं बोलले! पोरगी करतीय ना नोकरी? बुडाली का तुझी नर्सरी?"

"नाय बुडाली. उलट तिच्या पगारावर टाकी बांधली."

"मग?"

"मग काय मग? मला चुकलं म्हणायला जागा ठेवलीस का तू? रोज काच वर!"

"काच खाली करून वाट बघायची होती का मी? भाऊ तू हायेस, थोरला तू हायेस..."

ताईंचा आवाज चिरकला. रडू आलं की घसा सुकला, ते मला सांगता येणार नाही. ऊन तर होतंच. वहिनी कधी आत गेल्या आणि कधी आल्या कळलं नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. ताईंनी भांडणाच्या भरात तो हातात घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग पदरानं तोंड पुसून पुढं बोलायला तोंड उघडलं.

दादा बघतच राहिले होते. त्यांची नजर ताईंच्या हातातल्या रिकाम्या तांब्यावर होती.

"काय झालं?" ताई खेकसल्या. "बोल की आता!"

"काय नाय," दादा म्हणाले. "तू बोल. तू बोल, बेबे."

कुलकर्णींनी बोट वर केलं. "ताई, तुम्ही आत्ता पाणी..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

त्या दिवशी आम्ही कारखान्यात पोचलो तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती. वाटेत चितेगावच्या अलीकडं एकदम गाडी हळू झाली. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या, ते गेटवर पहारेकऱ्यानं सलाम ठोकेपर्यंत हसतच होत्या.

कुलकर्णींचा पंप परत घेतला गेला नाही. तो त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो. कुणी विचारलं तर ते एवढंच सांगतात, साडेतीनला मिळाला असता.

मेअखेर ताई निवृत्त झाल्या. आम्ही शाल दिली. मी आणि कुलकर्णी आता कंपनीच्या बसनं जातो. बसमध्ये सगळे कानात बोळे घालून झोपतात. ट्रकवाल्यांना कुणी काही म्हणत नाही.

गेल्या रविवारी कढीपत्त्याचं रोप घ्यायला मी मुद्दाम वाकडी वाट करून दादांच्या नर्सरीत गेलो. ताई गल्ल्यावर बसल्या होत्या, नाकावर चष्मा, हातात कात्री. निवृत्तीनंतर रोज येतात म्हणे.

"एकशे वीस," त्या रोपाकडं बघून म्हणाल्या.

"ऐंशी घे त्यांच्याकडनं," जाळीखालून दादांचा आवाज आला. "ओळखीचे हायेत."

"ओळखीचे हायेत म्हणूनच एकशे वीस. परके असते तर भाव करून गेले असते."

"नर्सरी कुणाची हाय, बेबे?"

"गल्ला कुणाकडं हाय, दादा?"

दादा हातातला पाइप तसाच टाकून तरातरा आले. ताई चष्मा काढून उभ्या राहिल्या. कढीपत्त्यावरून गोष्ट गुलाबावर गेली, गुलाबावरून मागच्या वर्षीच्या खतावर, तिथून दोघांच्या लहानपणी कुणी कुणाची पाटी फोडली त्यावर. वहिनी बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला जरा सरकून जागा करून दिली. रोप मांडीवर घेऊन मी बसलो. पैसे कुणाला द्यायचे ते विचारायचं होतं, पण दोघांचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं.